‘ड्यू’ दिसला की पुढचा शब्द वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठी घरात येणारे कागद एका भाषेतले नसतात. पोराची वही मराठीत, तालुका कचेरीचं पत्र कानडीत आणि बँकेचा मेसेज इंग्रजीत. या इंग्रजी कागदांवर डी, यू, ई एवढ्या तीन अक्षरांचा एक शब्द वारंवार भेटतो, तो म्हणजे ‘ड्यू’. विजेच्या बिलावर, विम्याच्या नोटिशीत, कर्जाच्या मेसेजमध्ये, कॉलेज सोडतानाच्या दाखल्यावर, रजेच्या अर्जात, गरोदर बाईच्या तपासणीत, सगळीकडे तो आहे. बोलतानाही आपण ‘बिल ड्यू हाय’ असं सर्रास म्हणतो. त्यामुळे हा शब्द आपल्याला येतोच, असं वाटतं, आणि चुका तिथूनच सुरू होतात.

हा लेख एसएसएलसी-पीयूसीची (दहावी ते बारावीची) मुलं, नव्यानं नोकरीला लागलेले आणि घरचे बिल-कर्जाचे कागद सांभाळणारे यांच्यासाठी आहे. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो: ‘ड्यू’ एकटा पाठ करू नका. त्याच्या शेजारी ‘ऑन’ आहे, ‘टू’ आहे, ‘फॉर’ आहे की ‘डेट’ आहे, ते बघा. अर्थ तिथं ठरतो.

पायरी १: उच्चार आणि स्पेलिंग

उच्चार ‘ड्यू’. अमेरिकन माणूस ‘डू’ म्हणतो, तेही बरोबरच आहे. पण आपल्याकडे ‘ड्यू’च ठेवा, नाहीतर ‘करणे’ या अर्थाच्या ‘डू’शी गल्लत होते. दवबिंदूंसाठीचा शब्दही ‘ड्यू’ असाच उच्चारतात, पण त्याचं स्पेलिंग डी-ई-डब्ल्यू. श्रुतलेखनात ही जोडी मुलांना नेहमी अडवते. वाक्यात पैसे, तारीख किंवा कारण असेल तर डी-यू-ई. गवत आणि पहाट असेल तर डी-ई-डब्ल्यू.

अनेकवचन ‘ड्यूज’. शेवटचा ‘ज’ आपल्या ‘जरा’मधल्या ‘ज’च्या जवळचा, ‘जीव’मधला नाही. याच शब्दापासून ‘ड्यूली’ होतो, म्हणजे रीतसर. तो लिहिताना मधला ‘ई’ गळतो: डी-यू-एल-वाय. अर्जाच्या मजकुरात ‘ई’ ठेवून लिहिलेला ‘ड्यूली’ इतका दिसतो की, तेच स्पेलिंग बरोबर आहे असं डोळ्याला वाटायला लागतं. ते चूक आहे.

पायरी २: मूळ अर्थ एकच धरा

शब्दकोशात ‘ड्यू’चे आठ-दहा अर्थ दिसतात आणि नवखा घाबरतो. मुळात मात्र अर्थ एकच आहे: जे द्यायला, यायला किंवा व्हायला हवं असं ठरलेलं आहे, ते. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचं मूळ ‘देणं लागणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. ‘डेट’ म्हणजे कर्ज (ज्यात ‘बी’ लिहितात पण बोलत नाहीत तो), ‘डेबिट’ आणि ‘ड्यूटी’ हे तिन्ही शब्द त्याच मुळाचे. ही चार भावंडं एकदा शेजारी लिहून ठेवली की, पुढचे सगळे अर्थ त्यांच्यातूनच निघताना दिसतात. पैसे द्यायचे ठरलेले, गाडी यायची ठरलेली, मान द्यायला हवा तेवढा.

पायरी ३: ‘ड्यू’ आणि ‘ओव्हरड्यू’ वेगळे करा

आपल्या बोलण्यात ‘ड्यू’ म्हणजे थकलेलं. इंग्रजीत थकलेल्यासाठी वेगळा शब्द आहे, ‘ओव्हरड्यू’. हा फरक ज्याला कळला त्याच्या निम्म्या चुका संपतात.

‘द बिल इज ड्यू ऑन द फिफ्टीन्थ.’ समजा आज १० तारीख आहे. काहीही थकलेलं नाही. बिल आलेलं आहे आणि ते १५ पर्यंत भरायचं आहे, एवढंच. १५ ला भरलं तरी वेळेत भरलं. १६ तारीख उजाडली आणि भरलं नसेल, तर ‘द बिल इज ओव्हरड्यू.’ रिझर्व्ह बँकेच्या नियमांतही हाच अर्थ धरला आहे: बँकेनं ठरवून दिलेल्या ड्यू डेटला रक्कम भरली नाही, तर ती ओव्हरड्यू. साधारण कर्जाचा हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त ओव्हरड्यू राहिला की, खातं एनपीए, म्हणजे बुडीतकडे झुकलेलं, समजलं जातं. पीककर्जाला मापच वेगळं: कमी मुदतीच्या पिकांसाठी दोन हंगाम, उसासारख्या लांब मुदतीच्या पिकासाठी एक हंगाम.

म्हणून मोबाईलवर ‘युअर ईएमआय इज ड्यू ऑन...’ असा मेसेज आला की, दचकून जायचं कारण नाही. ती आठवण आहे. त्या तारखेला खात्यात पैसे असू द्या, एवढाच तिचा अर्थ. ‘युअर ईएमआय इज ओव्हरड्यू’ असं आलं, तर मात्र त्याच दिवशी शाखेत जा. आणि मेसेजमध्ये ‘ड्यू’ लिहून खाली अनोळखी मोबाईल नंबर किंवा लिंक दिली असेल, आज रात्री वीज तोडू असा दम दिला असेल, तर त्या नंबरला फोन करू नका. आधीच्या बिलावर छापलेल्या ग्राहक क्रमांकावरून खरी बाकी तपासा.

हेस्कॉमचं, म्हणजे आपल्याकडच्या वीज कंपनीचं, बिल हातात घेऊन हा सराव चांगला होतो. बिल काढल्याची तारीख एक, भरायची शेवटची तारीख दुसरी. ड्यू डेट ही दुसरी. चालू महिन्याची रक्कम वेगळी आणि ‘अरिअर्स’ वेगळे. अरिअर्स म्हणजे मागच्या महिन्यांची थकबाकी, म्हणजेच जे ओव्हरड्यू झालं होतं ते. ‘अमाउंट ड्यू’ म्हणजे दोन्ही मिळून आता भरायचा आकडा. कानडीतही थकबाकीला ‘बाकी’च म्हणतात. म्हणून कानडी लिपीतला तेवढा एक शब्द ओळखायला शिकलात, तर बिलाच्या दोन्ही भाषांच्या ओळी एकमेकींशी ताडून बघता येतात.

क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन ‘ड्यू’ असतात आणि इथं नवख्याचं नुकसान होतं. ‘टोटल अमाउंट ड्यू’ म्हणजे सगळी देय रक्कम. ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ म्हणजे खातं थकीत धरलं जाऊ नये म्हणून भरायची किमान रक्कम. किमान भरली की झालं, असं समजून लोक निवांत बसतात. पण उरलेल्या रकमेवर व्याज चालू राहतं आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. भरायची ती ‘टोटल’.

पायरी ४: शेजारचा छोटा शब्द

‘ऑन’ आला की, दिवस किंवा तारीख. ‘द प्रीमियम इज ड्यू ऑन द फर्स्ट ऑफ जुलै.’

‘अ‍ॅट’ आला की, घड्याळातली वेळ. सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, उभं राहून म्हणायचं वाक्य: ‘द निपाणी बस इज ड्यू अ‍ॅट सिक्स.’ याचा अर्थ सहाला बस यायची वेळ आहे. बस वाटेत आहे, येऊलालीय, असा तो अर्थ नाही. डेपोतून सुटलीच नसेल, तरी हे वाक्य खरं असतं, कारण ‘ड्यू’ वेळापत्रकाबद्दल बोलतो. बस खरोखर येताना दिसली, तर ‘द बस इज कमिंग.’ वेळ होऊन गेली आणि बस नाही, तर ‘द बस इज लेट’. तासभर उलटला, तर ‘ओव्हरड्यू’सुद्धा चालतं.

‘इन’ आला की, आजपासून किती दिवसांनी. ‘पेमेंट इज ड्यू इन टेन डेज.’ दहाव्या दिवशी द्यायचे. ‘विदिन टेन डेज’ म्हटलं, तर दहा दिवसांच्या आत केव्हाही. ‘ऑन रिसीट’ म्हटलं, तर बिल हातात पडल्यावर लगेच. मारुती गल्लीतल्या दुकानदाराला बाहेरगावच्या कंपनीकडून माल येतो तेव्हा पावतीवर हे तिन्ही प्रकार दिसू शकतात आणि त्यांत दहा दिवसांचा फरक पडतो.

‘बाय’ म्हणजे त्या तारखेपर्यंत, ती तारीख धरून. ‘टिल’ इथं बसत नाही. ‘ड्यू टिल मंडे’ हे आपल्या ‘सोमवारपर्यंत’चं शब्दशः भाषांतर आहे आणि ते चूक आहे. ‘ड्यू बाय मंडे’ किंवा ‘ड्यू ऑन मंडे’ म्हणा. कॉलेजमध्ये सर म्हणाले, ‘द असाइनमेंट इज ड्यू ऑन मंडे’, तर असाइनमेंट सोमवारी मिळणार नाही, सोमवारी द्यायची आहे. पहिल्या वर्षाला मराठी माध्यमातून आलेली मुलं या एका वाक्यावर हमखास फसतात.

‘फॉर’ आला की, एखाद्या गोष्टीची पाळी आलेली. ‘शी इज ड्यू फॉर प्रमोशन.’ तिला बढती मिळायची वेळ झाली आहे; मिळाली असा अर्थ नाही. ‘द बाइक इज ड्यू फॉर सर्व्हिसिंग.’ बाळाच्या लसीचंही असंच: ‘द बेबी इज ड्यू फॉर द सेकंड डोस.’ सरकारी वेळापत्रकात पेंटाव्हॅलंट लस ६, १० आणि १४ आठवड्यांना असते, म्हणजे दुसरा डोस दहाव्या आठवड्यात ड्यू.

दवाखान्यातली ‘ड्यू डेट’ मात्र बिलाच्या ड्यू डेटसारखी कडक नसते, हे घरच्यांना समजावून सांगावं लागतं. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजून ती काढतात. आपल्याकडच्या तायी कार्डावर (गरोदर बाईच्या तपासणीच्या कार्डावर) ती ‘ईडीडी’, म्हणजे बाळंतपणाची अपेक्षित तारीख, अशी लिहिलेली सापडेल. हा अंदाज असतो. बाळंतपण त्याच दिवशी व्हायलाच हवं, असं नाही. दोन आठवडे अलीकडे-पलीकडे होणं नेहमीचं आहे. ‘शी इज ड्यू इन जून’ या वाक्यात ‘ड्यू’चा अर्थ ‘अपेक्षित’.

पायरी ५: ‘ड्यू टू’चे तीन चेहरे

इथं थांबून नीट वाचा. ‘ड्यू टू’ म्हणजे ‘मुळे’ एवढंच शाळेत शिकवतात. ते अपुरं आहे. ‘टू’च्या पुढे काय आलं, त्यावर तीन वेगळे अर्थ होतात.

पुढे क्रियापद आलं, तर ‘होणार असं ठरलं आहे’. ‘द सेशन इज ड्यू टू बिगिन ऑन मंडे.’ अधिवेशन सोमवारी सुरू व्हायचं आहे. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत बेळगावच्या सुवर्ण विधान सौधच्या (विधिमंडळाच्या इमारतीच्या) बातम्यांत अशी वाक्यं भेटतात. इथं ‘सुरू झाल्यामुळे’ असा अर्थ लावला, तर बातमीच उलटी होते.

पुढे माणूस किंवा संस्था आली आणि वाक्य पैशांचं असेल, तर ‘त्याला द्यायचे’. उसाच्या हिशेबात हे फार महत्त्वाचं आहे. ‘द अमाउंट ड्यू टू द ग्रोअर’ म्हणजे शेतकऱ्याला मिळायची रक्कम. ‘द अमाउंट ड्यू फ्रॉम द ग्रोअर’ म्हणजे शेतकऱ्याकडून यायची रक्कम. एका शब्दानं पैशाची दिशा फिरते. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाला, तर वर्षाला १५ टक्के दरानं व्याज लागू होतं. म्हणजे चौदाव्या दिवसापर्यंत ते पैसे शेतकऱ्याला ‘ड्यू’, पंधराव्या दिवसापासून ‘ओव्हरड्यू’. कारखान्याला किंवा साखर आयुक्तांना इंग्रजीत निवेदन लिहिताना ‘ड्यू टू अस’ लिहा. ‘ड्यू फ्रॉम अस’ लिहिलं, तर आपणच कर्जदार ठरतो.

पुढे वस्तू, घटना किंवा स्थिती आली, तर ‘त्याच्यामुळे’. ‘द रोड इज क्लोज्ड ड्यू टू अ लँडस्लाइड.’ चोर्ला घाटात दरड कोसळली की, हेच वाक्य.

तर कसोटी अशी: ‘टू’च्या पुढे क्रियापद म्हणजे ठरलेलं, पैशाच्या वाक्यात माणूस म्हणजे देणं, बाकी नाम म्हणजे कारण.

पायरी ६: ‘मुळे’ची कसोटी आणि तिचा सापळा

कारण सांगणारा ‘ड्यू टू’ मराठी माणसाला सोपा जायला हवा, कारण आपल्या ‘मुळे’शी तो नीट जुळतो. ‘पावसामुळे’ म्हणजे ‘ड्यू टू रेन’. ‘तापामुळे’ म्हणजे ‘ड्यू टू फीव्हर’. दोन्हीकडे एक नाम आणि त्याला लागलेलं कारण. मराठीत ‘कारण’ लिहून पुढे अख्खं वाक्य येतं तिथं इंग्रजीत ‘बिकॉज’. ‘मी आलो नाही, कारण मला ताप होता’ याचं ‘आय डिड नॉट कम बिकॉज आय हॅड फीव्हर’.

इथवर ठीक. पण आपला ‘मुळे’ क्रियापदालाही लागतो: आल्यामुळे, गेल्यामुळे, पडल्यामुळे. इंग्रजीचा ‘ड्यू टू’ असा वाकत नाही. ‘बस उशिरा आल्यामुळे’ मनात धरून मुलगा लिहितो, ‘ड्यू टू बस केम लेट’. ‘आजारी असल्यामुळे’चं होतं ‘ड्यू टू आय वॉज इल’. रजेच्या अर्जात ही चूक सतत दिसते. व्याकरण माहीत नसल्यामुळे ती होते असं समजलं जातं, पण तसं नाही. आपल्या भाषेची एक सोय तिथं चालत नाही, एवढंच. हे ओळखलं की, दुरुस्ती सोपी आहे.

दुरुस्तीचे दोन रस्ते. पहिला: ‘ड्यू टू’ काढा, ‘बिकॉज’ घाला, वाक्य तसंच ठेवा. ‘बिकॉज द बस केम लेट.’ नव्यानं शिकणाऱ्यानं परीक्षेत हाच रस्ता धरावा, असं आमचं मत आहे. दुसरा: क्रियापदाचं नाम करा. हा रस्ता अर्ज आणि कचेरीच्या पत्रात शोभतो, म्हणून काही जोड्या पाठच करून ठेवा.

आजारी पडल्यामुळे: ‘ड्यू टू इलनेस’.
बस उशिरा आल्यामुळे: ‘ड्यू टू द लेट अरायव्हल ऑफ द बस’.
लाईट गेल्यामुळे: ‘ड्यू टू अ पॉवर कट’.
पूल पाण्याखाली गेल्यामुळे: ‘ड्यू टू फ्लडिंग ऑफ द ब्रिज’.
पैसे न भरल्यामुळे: ‘ड्यू टू नॉन-पेमेंट’.
आजोबा वारल्यामुळे: ‘ड्यू टू द डेथ ऑफ माय ग्रँडफादर’.
कागद अपुरे असल्यामुळे: ‘ड्यू टू इन्कम्प्लीट डॉक्युमेंट्स’.

क्रियापद आणि नाम यांच्या मधला एक प्रकारही आहे, ‘ड्यू टू द बस अरायव्हिंग लेट’. तो चालतो, पण तो जमेपर्यंत वरचे दोन पुरे. ‘ड्यू टू द फॅक्ट दॅट’ लिहून पुढे पूर्ण वाक्य जोडता येतं, व्याकरणात ते बसतं. मात्र पाच शब्दांचं काम ‘बिकॉज’ एकटा करतो.

काही मिश्रणं कुठंच बसत नाहीत. ‘ड्यू टू ऑफ’ नाही. ‘ड्यू टू बिकॉज’ नाही. ‘द रीझन इज ड्यू टू’ हेही टाळा. ‘रीझन’ म्हणजे कारण आणि ‘ड्यू टू’ म्हणजेही कारण, एकच गोष्ट दोनदा होते. आपल्या पत्रांमध्ये ‘ड्यू टू विच’नं वाक्य लांबवत नेण्याची सवय आहे: पाऊस पडला, ड्यू टू विच नाला भरला, ड्यू टू विच रस्ता बंद झाला. तिथं पूर्णविराम द्या आणि नवं वाक्य ‘अ‍ॅज अ रिझल्ट’नं सुरू करा. वाचणाऱ्याला श्वास घेता येतो.

जुन्या शिक्षकांकडून एक नियम ऐकायला मिळेल: ‘ड्यू टू’ फक्त ‘इज’, ‘वॉज’ यांच्या मागून यावा आणि वाक्याच्या सुरुवातीला ‘ओविंग टू’ किंवा ‘बिकॉज ऑफ’ वापरावा. ‘हिज अ‍ॅबसेन्स वॉज ड्यू टू फीव्हर’ बरोबर, ‘ड्यू टू फीव्हर ही वॉज अ‍ॅबसेंट’ चूक, असं ते म्हणतात. या नियमाला इतिहास आहे, पण आजचे शब्दकोश दोन्ही वापर मान्य करतात. तुमचे परीक्षक काटेकोर असतील, तर ‘ड्यू टू’च्या जागी ‘कॉज्ड बाय’ ठेवून बघा. वाक्य बसलं, तर जुन्या नियमानंही ते शुद्ध आहे.

रजेच्या अर्जाचं मधलं वाक्य असं ठेवा: ‘आय वॉज अनेबल टू अटेंड स्कूल ऑन मंडे अँड ट्यूजडे ड्यू टू फीव्हर.’ दिवस आधी, कारण शेवटी. ‘सफरिंग फ्रॉम फीव्हर’ घालायचं असेल, तर ‘ड्यू टू’ नको: ‘बिकॉज आय वॉज सफरिंग फ्रॉम फीव्हर.’

पायरी ७: ‘ड्यूज’ आणि बेबाकी दाखला

नाम म्हणून ‘ड्यूज’ हे अनेकवचनातच वापरतात: देणी, वर्गणी, बाकी रक्कम. कॉलेज सोडताना, नोकरी बदलताना, पीकेपीएसमधून (गावच्या कृषी पतसंस्थेतून) दुसऱ्या बँकेकडे कर्ज न्यायचं असताना ‘नो ड्यूज सर्टिफिकेट’ मागतात. आपल्याकडे ‘नो ड्यू’ असंही लिहितात, कचेरीत दोन्ही चालतात.

दाखला हातात आला की, काउंटरवरच चार गोष्टी बघा. नाव आणि खाते क्रमांक उताऱ्याशी, ओळखपत्राशी जुळतो का. ‘नो ड्यूज आर आउटस्टँडिंग’ किंवा त्या अर्थाचं वाक्य आहे का. ‘अ‍ॅज ऑन’ पुढे तारीख आहे का. ही तारीख नसेल, तर पुढची बँक दाखला परत करू शकते, कारण बाकी नाही हे कोणत्या दिवसापर्यंतचं, ते कळत नाही. सही, हुद्दा आणि शिक्का आहे का. एक ध्यानात ठेवा: कर्ज फेडलं आणि दाखला मिळाला म्हणून जमिनीच्या उताऱ्यावरचा बोजा आपोआप गेला, असं धरू नका. तो कमी झाला का, ते नवा उतारा काढून बघा.

ज्या काउंटरवर इंग्रजीत विचारायची वेळ येते तिथं एक वाक्य पुरतं: ‘सर, आर देअर एनी ड्यूज इन माय नेम?’ उत्तर ‘नो’ असेल, तर पुढचं: ‘प्लीज गिव्ह मी अ नो ड्यूज सर्टिफिकेट.’

एकवचनी ‘ड्यू’ नाम म्हणून एका वाक्प्रचारात येतो, ‘गिव्ह हिम हिज ड्यू’. त्याचं जे श्रेय आहे ते त्याला द्या, असा अर्थ. त्या माणसाशी आपलं पटत नसलं तरी.

पायरी ८: ‘योग्य, रीतसर’ हा अर्थ

नामाच्या आधी लागलेला ‘ड्यू’ बहुधा ‘योग्य तेवढा’ असतो. ‘ड्यू केअर’ म्हणजे योग्य ती काळजी. ‘आफ्टर ड्यू कन्सिडरेशन’ म्हणजे नीट विचार करून. ‘ड्यू डेट’ आणि ‘ड्यू अमाउंट’ हे पैशांचे दोन शब्द तेवढे वेगळे ठेवा.

‘विथ ड्यू रिस्पेक्ट’नं अर्ज सुरू करायची पद्धत आपल्याकडे आहे आणि तिथं ती खपते. बोलताना मात्र सांभाळा. इंग्रजी संभाषणात ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ म्हटलं की, समोरचा ओळखतो, आता विरोधी मत येणार. साहेबांशी सहमत असताना हे म्हणू नका.

‘इन ड्यू कोर्स’ म्हणजे यथावकाश. ‘यू विल बी इन्फॉर्म्ड इन ड्यू कोर्स’ असं पत्र आलं, तर कचेरीनं कोणतीही तारीख दिलेली नाही. ‘लवकरच’ असा अर्थ काढून वाट बघत बसू नका. पत्राचा जावक क्रमांक लिहून अंदाजे तारीख विचारणारं उत्तर पाठवा.

‘ड्यूली फिल्ड अँड साइन्ड’ म्हणजे रीतसर भरून, सही करून. अर्जाच्या तळाशी हे शब्द असतील, तर एकही रकाना कोरा सोडू नका. लागू नसेल तिथं ‘एनए’ लिहा. याच्या उलट ‘अनड्यू’, म्हणजे गैरवाजवी. ‘अनड्यू डिले’ म्हणजे विनाकारण उशीर. ‘अनड्यू इन्फ्लुएन्स’ हा तर कायद्याचा शब्द आहे, भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १६ मधला: समोरच्यावर वर्चस्व असलेल्या माणसानं त्याचा गैरफायदा घेऊन करार करून घेणं. ‘अनड्यू’चा ‘अजून ड्यू न झालेलं’ असा अर्थ लावू नका. त्यासाठी ‘नॉट यट ड्यू’ म्हणतात.

दिशेच्या आधी ‘ड्यू’ आला, तर ‘अगदी सरळ’. खानापूर बेळगावच्या जवळजवळ नेमकं दक्षिणेला आहे, म्हणून ‘खानापूर लाइज ऑलमोस्ट ड्यू साउथ ऑफ बेळगाव’ हे नकाशावर टिकतं. निपाणी उत्तरेला असली तरी थोडी पश्चिमेकडे कललेली. तिला नुसतं ‘नॉर्थ’ म्हणा, ‘ड्यू नॉर्थ’ नको.

सराव

वहीचं एक पान घ्या. आठवडाभरात घरात आलेल्या प्रत्येक इंग्रजी कागदावरचा आणि मेसेजमधला ‘ड्यू’ शोधा, त्याच्या आधीचा आणि पुढचा शब्द जसाच्या तसा उतरवा आणि समोर मराठी अर्थ लिहा. मग ही पाच वाक्यं सोडवा. उत्तरं खाली आहेत, आधी झाकून ठेवा.

१. ‘द लोन इज ड्यू ऑन थर्टी-फर्स्ट मार्च.’ आज २५ मार्च. कर्ज थकलंय का?
२. ‘द वीव्हर्स आर ड्यू टू मीट द मिनिस्टर.’ विणकर मंत्र्यांना भेटले का?
३. ‘ड्यू टू हेवी रेन फेल अ‍ॅट कणकुंबी, द मलप्रभा रोज.’ चूक शोधा.
४. ‘रुपीज फोर थाउजंड इज ड्यू टू द टेनंट.’ पैसे कुणी कुणाला द्यायचे?
५. ‘द बुक वॉज ड्यू लास्ट फ्रायडे.’ वाचनालयात काय होईल?

उत्तरं. १: नाही, ३१ पर्यंत मुदत आहे. २: अजून नाही, भेट ठरली आहे. ३: ‘फेल’ हे क्रियापद काढा, ‘ड्यू टू हेवी रेन अ‍ॅट कणकुंबी’ पुरे, किंवा ‘बिकॉज हेवी रेन फेल’. ४: भाडेकरूला मिळायचे आहेत, बहुधा अनामत परत; भाडं थकलं असतं तर ‘ड्यू फ्रॉम द टेनंट’ असतं. ५: पुस्तक गेल्या शुक्रवारी परत करायचं होतं, आता ते ओव्हरड्यू आहे, पहिल्या पानावरच्या चिठ्ठीत शिक्क्याची तारीख बघा, तिथून दंडाचे दिवस मोजतात.